स्कूटरला धक्का लागला, दोन हजारांत मिटवले. तिसऱ्या दिवशी फोन आला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत आपल्या मोटारीचा पुढच्या स्कूटरला धक्का लागला आणि स्कूटरस्वार पडला. तो लगेच उठला, "काही लागलं नाही" असे म्हणाला. जमलेल्या लोकांच्या आग्रहावरून त्याला दोन हजार रुपये रोख दिले गेले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. गाडी आपल्या नावावर आहे, पण त्या वेळी मेहुणे चालवत होते. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला की मनगटाचे हाड मोडले आहे, स्कूटरही वाकली आहे, पंधरा हजार द्या, नाहीतर पोलिसांत जातो. आपल्या गाडीचा बंपर तडकला आहे, उजवे फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) चेपले आहे आणि गॅरेजने एकोणीस हजारांचा अंदाज दिला आहे. पोलिसांकडे वा विमा कंपनीकडे काहीही कळवलेले नाही. आता काय करावे, असे आपण विचारले आहे.

मोटार विम्याच्या नुकसान-पाहणीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपण वर्णन केलेला प्रसंग थोड्याफार फरकाने नेहमीचाच आहे. अशा किरकोळ अपघातांत पैशाचे खरे नुकसान धक्क्याने फारसे होत नाही. ते रस्त्यावर दहा मिनिटांत "सगळे मिटवून टाकण्याने" होते, कारण त्या दहा मिनिटांत शरीराला काय झाले आहे, बंपरच्या आत काय मोडले आहे आणि कायद्याने कोणावर कोणते कर्तव्य येते, यांपैकी एकही गोष्ट कोणालाच ठाऊक नसते. मनगटाच्या लहान हाडाला गेलेली चीर पहिल्या दिवशी नुसती मुरगळ वाटू शकते. त्यामुळे तो गृहस्थ खोटे बोलत आहे असे आधीच धरून चालू नका. तो खरे बोलत आहे असेही कागद पाहिल्याशिवाय धरू नका.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण आपला सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. दोघांनी आपसात मिटवले म्हणजे प्रकरण संपले, ही समजूत गाड्यांच्या पत्र्यापुरती बऱ्याच अंशी खरी आहे. माणूस जखमी झाला असेल तर ती लागू पडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार, अपघातात कोणी जखमी झाल्यास चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करायचे असते. जवळ पोलीस अधिकारी नसेल तर लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात घटनेची माहिती द्यायची असते. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणामुळे जखमीला दवाखान्यात नेणे शक्य झाले नाही, तर तेवढी सवलत याच कलमात आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपले रस्ते चांगले ठाऊक असावेत. मात्र पोलिसांना कळवताना मदत का करता आली नाही हेही सांगावे लागते. याच कलमात तिसरे कर्तव्य आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते: विमा कंपनीला अपघाताची लेखी माहिती देणे. पॉलिसी क्रमांक व तिची मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमींचा तपशील आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील एवढे त्यात असावे लागते. ही कर्तव्ये न पाळल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे.

त्या दिवशी स्कूटरस्वार "काही लागलं नाही" असे म्हणाला होता, म्हणजे जखमी माणूस समोर आहे हे आपल्या मेहुण्यांना कळलेच नव्हते, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. पण आता इजा झाल्याचे कळले आहे. त्यामुळे उद्याची वाट न पाहता मेहुण्यांनी स्वतः, आपल्यासह, ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे जावे. त्या वेळी इजा सांगितली गेली नव्हती आणि ती आज फोनवरून कळली, हे कारण नमूद करून लेखी जबाब द्यावा. गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना बरोबर न्यावा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत. दिलेल्या अर्जाची पोच, शिक्का आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नये. गाडी कोण चालवत होते याची माहिती मागितली गेल्यास ती देणे कलम १३३ प्रमाणे मालक म्हणून आपल्यावर बंधनकारक आहे. मेहुण्यांऐवजी "मीच चालवत होतो" असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास साधे प्रकरण खोट्या माहितीचे होते आणि विमा कंपनीला दावा नाकारण्याचे पक्के कारण मिळते. त्याची गरजही नाही, कारण खासगी मोटारीच्या पॉलिसीत वैध परवाना असलेली आणि मालकाच्या संमतीने गाडी चालवणारी कोणतीही व्यक्ती सामावलेली असते. मेहुण्यांचा परवाना अपघाताच्या तारखेला चालू होता का, एवढे मात्र आजच पाहून घ्या.

"आपण होऊन पोलिसांत जाणे म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे नव्हे का?" हा प्रश्न माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला आहे. त्याचे उत्तर असे की त्या गृहस्थांनी रुग्णालयात रस्ता-अपघात असे कारण सांगितले की रुग्णालय ते प्रकरण मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसी नोंद लागणारे, म्हणून नोंदवते आणि पोलिसांना कळवते. म्हणजे नोंद होणारच आहे. आपण गप्प राहिलात तर ती केवळ दुसऱ्या बाजूच्या शब्दांत होईल आणि त्यात "धडक देऊन पळून गेला" हे वाक्य येण्याची शक्यता मोठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आणि त्यातून झालेल्या दुखापतीसाठी कलम १२५ आहे. हाड मोडले असेल तर ती गंभीर दुखापत गणली जाते आणि कलम १२५ मधली शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. हे गुन्हे जामीनपात्र आहेत. तरी गुन्हा दाखल झाल्यास तपासासाठी गाडीची पाहणी होईल, तेव्हा एक चांगला वकील गाठावा आणि त्याच्या सल्ल्याशिवाय चूक कबूल करणारा कोणताही मजकूर लिहून देऊ नये.

आता दिलेल्या दोन हजारांबद्दल आणि मागितलेल्या पंधरा हजारांबद्दल. आपल्या पॉलिसीच्या छापील अटींमध्ये एक अट अशी असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने वा त्याच्या वतीने कोणीही जबाबदारीची कबुली, देकार, वचन किंवा रक्कम देऊ नये. रस्त्यावरची "चूक झाली, हे घ्या" ही तडजोड नेमकी या अटीच्या विरुद्ध जाते. दोन हजारांवरून कंपनी आकाशपाताळ एक करणार नाही, पण पंधरा हजार देऊन "सगळे नुकसान मी भरतो" असे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेत तर पुढे खरोखरच मोठा दावा उभा राहिल्यावर तेच शब्द आपल्यासमोर ठेवले जातील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पैसे आपण खिशातून देण्याचे कारणच नाही. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ ने सक्तीचा केलेला आहे तो याचसाठी. त्यात दुसऱ्या माणसाच्या इजेची किंवा मृत्यूची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल तितकी कंपनीने द्यायची असते आणि त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीला साडेसात लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. काही जण हप्त्यात थोडी सवलत मिळावी म्हणून ही साडेसात लाखांची मर्यादा सहा हजारांवर आणून ठेवतात. आपल्या पॉलिसीत तसे केले आहे का, हे पाहा.

यातली मानवी बाजू मी कमी लेखत नाही. मनगट मोडलेला माणूस रोज कामावर जाणारा असेल तर त्याला न्यायाधिकरणाच्या तारखा सांगणे क्रूरपणाचे वाटते. माझा सल्ला असा की पोलीस आणि कंपनी यांना कळवून झाल्यावर त्या गृहस्थांना फोन करावा, आवाज चढवू नये, चूक कोणाची याची चर्चा करू नये आणि एक्स-रे, रुग्णालयाचे कागद व स्कूटरचा दुरुस्ती-अंदाज मागावा. कागद खरे दिसले आणि तातडीच्या उपचाराचा खर्च अडला असेल, तर तो थेट रुग्णालयात भरावा, पावती आपल्याकडे ठेवावी आणि ही मदत जबाबदारी न स्वीकारता केली आहे असे कंपनीला ई-मेलने कळवावे. हातात रोख देऊ नये. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना निर्देशित रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. ही मुदत आपल्या प्रकरणात अजून संपलेली नाही. ही गोष्ट त्या गृहस्थांना सांगणे ही त्यांची मोठी मदत ठरेल, आणि त्यांना ती माहीत असण्याची शक्यता कमी आहे.

भरपाईसाठी त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला तर घाबरून जाऊ नये. नोटीस आली की ती त्याच दिवशी स्कॅन करून विमा कंपनीच्या विधी विभागाला पाठवावी, कारण लढण्याचे आणि भरण्याचे काम कंपनीचे आहे. नोटीस कपाटात ठेवून गैरहजर राहिलात तर मात्र ते काम कठीण होते. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, पण या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्यामुळे सहा महिने सरले म्हणून कागद रद्दीत घालू नका. दाव्यात स्कूटरस्वाराचाही हलगर्जीपणा होता का, त्याने अचानक लेन बदलली होती का, हे प्रश्न येतात आणि त्यानुसार भरपाईत वाटा ठरतो. मोठी गाडी दिसली की चूक तिचीच, हा रस्त्यावर जमलेल्या लोकांचा न्याय न्यायाधिकरणात चालत नाही. पण त्यासाठी पुरावा लागतो आणि तो रोज पुसला जात आहे. दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवे चित्रण येते. म्हणून पोलिसांना दिलेल्या अर्जातच समोरच्या दुकानांचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती लिहा आणि दुकानदारांनाही आजच भेटा. डॅशकॅम असेल तर त्याचे कार्ड काढून बाजूला ठेवा. त्या वेळी मेहुण्यांनी काढलेली छायाचित्रे कोणाला पाठवताना मूळ फाइल पुसली जाणार नाही याची काळजी घ्या.

स्कूटरच्या दुरुस्तीपुरती तडजोड करायचीच असेल आणि कंपनीने लेखी संमती दिली असेल, तर साध्या कागदावर दोन्ही वाहनांचे क्रमांक, तारीख, ठिकाण आणि "फक्त वाहनाच्या दुरुस्तीपोटी" हे शब्द लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी. आधी दिलेल्या दोन हजारांचा उल्लेखही त्यात करावा. या कागदाने इजेचा दावा किंवा फौजदारी बाजू संपत नाही; त्याचा उपयोग स्कूटरचे पैसे दोनदा मागितले जाऊ नयेत एवढाच.

आता आपल्या स्वतःच्या गाडीकडे वळू. इथे माझे मत बऱ्याच एजंटांच्या मताविरुद्ध जाणारे आहे. दावा करण्याआधी हिशेब करा, पण हिशेब करण्याआधी बंपर उतरवून पाहा. आजकालच्या गाड्यांचा बंपर म्हणजे प्लास्टिकचे आवरण असते. धक्का सोसण्याचे काम त्यामागचा पत्र्याचा दांडा करतो आणि त्याच्या मागे कंडेन्सर व रेडिएटर अगदी लगत असतात. बाहेरून नुसती चीर दिसते. आत दांडा मागे सरकलेला, रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला किंवा हेडलाइटचे प्लास्टिकचे लॉक तुटलेले असते. एकोणीस हजारांचा अंदाज आवरण उतरवल्यावर चाळीस हजारांवर गेलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. तोवर गाडी चालवताना तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा आणि गाडीखाली पाण्याचे थेंब दिसले तर ती टो करूनच न्या. पॉलिसीची आणखी एक छापील अट अशी की अपघातानंतर आवश्यक दुरुस्तीशिवाय गाडी चालवल्याने जे नुकसान वाढेल ते पूर्णपणे मालकाच्या माथी. गळणारा रेडिएटर घेऊन गाडी घरी आणली आणि इंजिन जाम झाले, तर कंपनी बंपरचे पैसे देते आणि इंजिनचे नाकारते. त्यावर भांडून उपयोग होत नाही.

दावा न करण्याचा निर्णय पुढे झाला तरी कंपनीला सूचना आजच द्यावी. ती तृतीय पक्षाच्या बाजूसाठी लागतेच. उशीर झाला म्हणून कंपनी बिचकेल, पण विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की खरा दावा केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून फेटाळू नये. उशिराचे कारण प्रामाणिकपणे लिहा. सर्व्हेअरने, म्हणजे कंपनीने नेमलेल्या नुकसान-तपासनीसाने, पाहणी केल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका आणि काढलेले जुने भाग गॅरेजला टाकू देऊ नका.

हिशेब असा. आपली गाडी सहाव्या वर्षात आहे आणि पॉलिसी साधी आहे, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलची कपात (घसारा) माफ करणारी झिरो डेप पॉलिसी नाही, असे धरू. एकोणीस हजारांत बंपर सहा हजार, फेंडर चार हजार, रंगकाम सहा हजार आणि मजुरी तीन हजार असेल. प्लास्टिक व रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे तीन हजार मिळतील. पत्र्याच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला तो चाळीस टक्के असतो, म्हणून फेंडरचे दोन हजार चारशे. रंगकामाचे एकत्रित बिल असल्यास त्यातला पाव भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणून पाच हजार दोनशे पन्नास. मजुरी पूर्ण. बेरीज तेरा हजार सहाशे पन्नास, त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपयांची सक्तीची वजावट. हाती बारा हजार सहाशे पन्नास. काचेवर घसारा नसतो, पण आपली काच फुटलेली नाही.

दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. तो आज पन्नास टक्के असेल, तर दावा घेतल्यावर पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य होतो आणि मग दरवर्षी वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असा चढत पुन्हा पन्नासवर येतो. बहुतेक लोक फक्त पहिल्या वर्षाची गेलेली सवलत मोजतात. पाच वर्षांची तूट मिळवली तर ती पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा आणि पाच, म्हणजे एका वर्षाच्या स्व-नुकसान (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्याच्या एकशे पंचवीस टक्के होते. बोनस वजा करण्यापूर्वीचा हा हप्ता आठ हजार असेल, तर तूट दहा हजारांची झाली. गाडीची किंमत घटते तसा हप्ता घटतो, म्हणून ती प्रत्यक्षात थोडी कमी भरेल. तरीही साडेबारा हजार मिळवण्यासाठी जवळजवळ दहा हजार सोडायचे आणि गॅरेज, सर्व्हेअर व कागद यांच्या फेऱ्या वेगळ्या. माझ्या मते एकोणीस हजारांवर थांबत असेल तर दावा करू नये. बंपर उतरवल्यावर आकडा तीस-पस्तीस हजारांवर गेला तर जरूर करावा. बोनस संरक्षणाचे ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेली जोड) घेतलेले असेल तर हा हिशेब बदलतो. झिरो डेपमध्ये मिळणारी रक्कम वाढते, पण त्यात वर्षाला किती दावे चालतात याची मर्यादा आपल्या पॉलिसीत वाचून घ्या. तृतीय पक्षाच्या दाव्यामुळे हा बोनस जात नाही, हे मात्र निश्चित समजा. या भीतीनेच लोक कंपनीला कळवत नाहीत. स्व-नुकसानीची सूचना देऊन नंतर दावा मागे घेतलात, तर रक्कम न देता दावा बंद केला असे कंपनीकडून ई-मेलवर मागून घ्या, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी वाद उरणार नाही.

गाडी तीन वर्षांच्या आतली असणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो आणि त्यानंतर स्व-नुकसानीचा विमा दुसऱ्या कंपनीकडून स्वतंत्रपणे घेण्याची सोय झाली. त्यामुळे एका गाडीच्या मागे दोन कंपन्या असू शकतात, आणि समोरच्याच्या इजेची सूचना चुकीच्या कंपनीकडे जाते. दोन्ही पॉलिसी काढून पाहाव्यात आणि दोघींनाही कळवावे.

कंपनीने घसारा चुकीचा लावला किंवा दावा नाकारला, तर प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा. तिथे जाताना सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत, गॅरेजचे भागवार बिल आणि कंपनीशी झालेला सर्व ई-मेल व्यवहार तारखेच्या क्रमाने लावून न्यावा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि वादाचे मूळ बहुतेक वेळा त्या अहवालातल्या घसाऱ्याच्या रकान्यातच सापडते.